प्रस्तावना : शिकतानाची चूल

इंदूरच्या नंदानगरात सरकारी आयटीआय आहे. गुलझारीलाल नंदांच्या नावाची ही वस्ती गिरणी कामगारांची. म्हणजे साचे थांबल्यावर ज्यांना नवा हुन्नर शिकावा लागणार होता, त्यांच्या दाराशीच शिकवणारी संस्था उभी होती. आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादाही नाही. 14 वर्षं पूर्ण झाली की पुरे. तरीही पंचेचाळिशीचा विणकर आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांत फिटरचं काम शिकायला बसलाय, असं चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. का येत नाही? काम सुटलेल्या कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना मी त्याला आधी याच प्रश्नापाशी थांबवतो.

पटकन सुचणारं उत्तर म्हणजे फी. पण खरा खर्च फीचा नसतो. वर्ष-दोन वर्षं वर्गात बसायचं, तर तेवढे महिने घरात पगार येत नाही. अर्थशास्त्र याला संधी-खर्च म्हणतं. घरात त्याला किराणा, भाडं, मुलीची शाळा अशी नावं असतात. गॅरी बेकर यांच्या 1964 च्या ‘ह्युमन कॅपिटल’ या ग्रंथाने या चर्चेची चौकट आखली. एकाच कारखान्यात उपयोगी पडणारं कौशल्य शिकवायला मालक पैसा घालतो. जे कुठेही चालेल त्याची किंमत कामगार स्वतः मोजतो, बहुधा शिकतानाच्या कमी मजुरीतून. गिरणीत हेच चालायचं. बदली कामगार म्हणून लागायचं, काका-मामाच्या शेजारी उभं राहून हात बसवायचा. फीची पावती कधी कुणी फाडली नाही. शिक्षण विकत घ्यायचं असतं ही कल्पनाच गिरणी कामगाराला परकी होती, आणि ती त्याच्यापुढे आली ती नेमकी खिसा रिकामा झाल्यावर.

बेकर यांच्या मांडणीत एक फट मात्र राहते, आणि ती इंदुरात चांगली दिसते. विणकाम हे तसं कुठेही चालणारं कौशल्य. मालवा मिल सोडून राजकुमार मिलमध्ये गेलं तरी साचा तोच. पण 1866 मध्ये होळकर संस्थानाच्या गिरणीपासून सुरू झालेला हा धंदाच शहरातून उठला, तेव्हा ‘कुठेही’ या शब्दाला अर्थ उरला नाही.

हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली. 5,895 कामगार बाहेर पडले. त्यांच्या थकबाकीचा सुमारे 224 कोटींचा धनादेश निघाला तो 25 डिसेंबर 2023 रोजी. पस्तिशीत मिल सुटलेला माणूस तेव्हा सदुसष्टचा झाला होता; कित्येकांच्या वतीने रक्कम वारसांना घ्यायची होती. या प्रकरणाकडे न्यायालयीन विलंब म्हणून पाहिलं जातं, ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नवं काही शिकण्यासाठी त्या कामगाराकडे हक्काचं भांडवल होतं ते एवढंच, आणि ते शिकण्याचं वय उलटेपर्यंत अडकून पडलं.

सरकारला हे अगदीच सुचलं नव्हतं असं नाही. 1986 च्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीत बंद गिरणीच्या पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के अशी उतरती मदत होती. माझ्या मते ती आपल्याकडची सर्वांत शहाणी तरतूद, कारण तिने चुलीचा विचार केला. अडचण एवढीच की गिरणी बंद असल्याचं आधी कागदोपत्री सिद्ध व्हावं लागे. फेब्रुवारी 1992 च्या राष्ट्रीय नवीकरण निधीत समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण, पुनर्नियोजन असे भारदस्त शब्द होते. पैसा मुख्यतः गेला स्वेच्छानिवृत्तीवर.

आजच्या योजनाही याच नजरेने वाचाव्यात. मध्य प्रदेशची ‘सीखो-कमाओ’ योजना शिकताना दरमहा 8,000 ते 10,000 रुपये देते, पण 29 वर्षांपर्यंतच. पीएम विश्वकर्मात प्रशिक्षणाच्या दिवसाला 500 रुपये मिळतात आणि शिंपीकाम तिच्या 18 व्यवसायांत बसतं. कौशल्य कर्जाची मर्यादा 2024 मध्ये दीड लाखावरून साडेसात लाखांवर गेली. चाळिशीत कर्ज काढून शिकायची हिंमत कोण करतो, हे मात्र अजून तपासायचं आहे. सिंगापूरने चाळिशीपुढच्यांसाठी फीच्या सवलतीबरोबर पूर्णवेळ शिकतानाचा मासिक भत्ताही सुरू केला, तो याच हिशेबातून.

वाचनाची सुरुवात अहमदाबादच्या गिरणी कामगारांवरच्या यान ब्रेमन यांच्या लेखनाने करावी, मग मुंबईच्या गिरणगावाचा मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी नोंदवलेला मौखिक इतिहास. 1993 चा जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन यांचा पेनसिल्व्हेनियावरचा निबंध जरा रुक्ष आहे, तरी टाळू नये: जुन्या नोकरीतून फेकलेल्यांची कमाई कित्येक वर्षांनंतरही सुमारे 25 टक्क्यांनी कमीच राहिली, हे त्यात आकड्यांनी दिसतं.

इंदूरवरचं काम अजून थोडंच झालंय. दाव्यांच्या याद्या, युनियनचं दप्तर, परदेशीपुऱ्यात अजून भेटणारी म्हातारी माणसं, एवढी सामग्री आहे. त्यांना नुसतं ‘नंतर काय केलंत?’ असं विचारू नका. ते नवं काम कुणी शिकवलं, किती दिवस लागले आणि त्या दिवसांत घरी पैसे कोण आणत होतं, ते विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा शेजारी बसलेली बायकोच देईल.