तक्रार, तळतळाट आणि शिवी : सीमाभागातल्या अर्जांचा थोडा इतिहास

मी पेशाने विद्युत अभियंता. इतिहासाचं शिक्षण घेतलेलं नाही. जे काही आलं ते नोकरीत फिरता फिरता, शिलालेखांची पुस्तकं वाचून आणि जाणत्या लोकांच्या मागं लागून आलं. आजचा विषय मात्र नोकरीतूनच सुचला. तो सुचला तेव्हा मी चूक केली होती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. औराद तालुक्यातल्या एका खेड्यात ट्रान्सफॉर्मर जळून बरेच दिवस झाले होते. एका म्हाताऱ्या बाईंनी शाळकरी नातवाकडून मराठीत अर्ज लिहून घेतला आणि तो आमच्या कार्यालयात आला. मजकूर साधारण असा होता : बाबा, तुला चारदा सांगितलं. हिरीला पाणी हाय, पीक डोळ्यादेखत वाळलालंय. लाइट दिला नाहीस तर माझा तळतळाट लागल.

आमचे वरिष्ठ जुन्या म्हैसूर भागातले. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून कन्नडमध्ये सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. ‘तू’चं ‘नीनु’ झालं, तळतळाटाचं ‘शाप’ झालं. साहेबांचा चेहरा उतरला. सरकारी माणसाला एकेरी हाक, वर शाप! त्यांनी शेरा लिहायला सांगितला आणि मी माझ्या हातानं लिहिला, की अर्जदाराने अपशब्द वापरले आहेत. अर्ज फाइलला लागला. ट्रान्सफॉर्मर बदलेपर्यंत त्या शेतातलं पीक गेलं होतं.

त्या बाई मला पुढं बाजारात भेटल्या. म्हणाल्या, “मी तुला शिवी कवा दिली रे बाबा?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी ‘तक्रार’ हाच शब्द घेऊ. मूळ अरबी. अर्थ, पुन्हा पुन्हा करणं किंवा सांगणं. तो फारसीतून आपल्याकडं आला आणि प्रत्येक भाषेनं त्याला वेगळ्या कामाला लावलं. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे वाद, भांडण. गाऱ्हाण्याला तिथं ‘शिकायत’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘तकरारु’ म्हणजे वाद किंवा हरकत, आणि गाऱ्हाण्याला ‘दूरु’. आता भालकीचा मराठी माणूस खिडकीपाशी येऊन “माझी तक्रार आहे” म्हणाला, तर पलीकडच्या दख्खनी बोलणाऱ्या कारकुनाच्या कानावर काय पडत असेल? एकजण गाऱ्हाणं घेऊन आला, दुसऱ्याला वाटलं भांडायला आला. तोंड उघडण्याआधीच निम्मं काम बिघडलं.

असे फसवे शब्द आपल्याकडं पुष्कळ. ‘मुंडे’ हे मराठीत सन्मानाचं आडनाव, बीड-लातूरकडं घरोघर ऐकाल. कन्नडमध्ये ‘मुंडे’ ही विधवेला उद्देशून दिलेली वाईट शिवी. ‘बे’ घ्या. सोलापुरी “काय बे” हे दोस्ताला चालतं, अनोळखी साहेबाला म्हणालात तर मारामारी होईल. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये मात्र ‘बे’ थोरल्या बाईमाणसाला लावतात, “यव्वा, बा बे” म्हणजे “ये गं आई”, आणि त्यात माया असते. ‘बाई’ मराठीत शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात. उर्दू-हिंदीच्या जुन्या वापरात हाच शब्द कोठ्यावरच्या गाणारणीच्या नावाला जोडलेला असे.

शब्दांचं हे वजन काळाप्रमाणंही बदलतं. त्याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्या बसवकल्याणशी जोडलेला आहे. बाराव्या शतकातल्या शरणांमध्ये सूळे संकव्वे नावाची वचनकर्ती होती. ‘सूळे’ म्हणजे वेश्या. आज हा शब्द कन्नडमध्ये कुणाच्या तोंडावर उच्चारला तर ती जबर शिवी ठरते. पण तिच्या नावाआधी तो तिचा व्यवसाय सांगण्यासाठी आहे, जसं इतर शरणांच्या नावाआधी त्यांचे व्यवसाय आहेत. तिनं आपल्या वचनाची मुद्रा ठेवली ‘निर्लज्जेश्वर’. लोकांनी ज्या शब्दानं हिणवलं असतं तोच तिनं देवाच्या नावात घातला. आणि त्याच कल्याणात बसवेश्वरांच्या एका वचनात, माणसाला आदरानं हाक मारणं आणि तुच्छतेनं हाक मारणं यात किती मोठं अंतर आहे ते सांगितलेलं आहे. म्हणजे शब्दाचा मान-अपमान हा या गावात आठशे वर्षांपूर्वीही गंभीरपणे विचारात घेतलेला विषय होता.

आता तळतळाटाकडं येऊ. दान दिलेल्या जमिनीला कुणी हात लावू नये म्हणून शिलालेखाच्या शेवटी शापवचन कोरत. कल्याणीच्या चालुक्यांचे कन्नड लेख बघा. दान मोडणाऱ्याला वाराणसीला किंवा कुरुक्षेत्राला कपिला गाई मारल्याचं पाप लागेल, असं तिथं येतं. जोडीला संस्कृत श्लोक असतो, त्यात असा माणूस साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन राहतो. त्याच काळात शिलाहार आणि पुढं यादवांच्या मुलखात गद्धेगाळ उभे राहिले. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा सांगतात, त्यातही हा गाढवाचा शाप आहे. हुकूम मोडणाऱ्याच्या आईला गाढव लागो, असा त्याचा अर्थ. वाचता न येणाऱ्यांसाठी बऱ्याच दगडांवर तसं चित्रही कोरलेलं असतं.

आज गद्धेगाळातला मजकूर जसाच्या तसा वर्तमानपत्र छापणार नाही. पण तो कुणी दारू पिऊन बरळलेला नाही. राजाच्या हुकुमाचा तो भाग आहे, तो कोरण्यासाठी पाथरवटाला मजुरी मिळालेली आहे. शेजारी-शेजारी दोन भाषा, काम एकच, की दुर्बळाच्या जमिनीचं रक्षण व्हावं. एकीनं भीती घातली ती पापाची, दुसरीनं घातली ती बेअब्रूची. पुढच्या काळातल्या मराठी कागदांत हीच रीत आणखी स्पष्ट दिसते : हिंदू असेल त्याला गाईची शपथ, मुसलमान असेल त्याला सुवराची. लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की एकच शब्द सगळ्यांना सारखा बोचत नाही.

निजामाच्या राज्यात १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही दरबारी भाषा झाली. दरखास्त लिहायची एक ठरलेली अदब होती : वरच्याला चढवायचं, स्वतःला खाली घ्यायचं, आणि गाऱ्हाणं मध्ये कुठंतरी हळूच ठेवायचं. गावचा मराठी किंवा कन्नड माणूस हे स्वतः लिहीत नसे, अर्जनवीस लिहून देई. त्याचा राग अर्जनविसाच्या लेखणीतून गाळून साहेबापर्यंत जाई.

१९४८ नंतर हे बदलू लागलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्हा फुटला. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात गेले. नारायणखेड, जहीराबाद आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. गुलबर्ग्याचे तांदूर आणि कोडंगलही आंध्रात गेले. कार्यालयांत कन्नड आली, ते राज्याच्या दृष्टीनं रीतसरच होतं. पण खिडकीच्या दोन्ही बाजूंची अदब आता एक राहिली नव्हती. अर्जनवीस मागं पडला, आणि नातवाच्या अक्षरात आजीचं बोलणं सरळ टेबलावर येऊन पडलं. ती देवाला तू म्हणते, आईला तू म्हणते, पोटच्या लेकाला तू म्हणते. साहेबाला तू म्हणताना तिनं त्याला लेकात धरलं होतं. कन्नड अदबीत वाढलेल्या साहेबाला ते कळायला मार्ग नव्हता. मला होता. मी सांगितलं नाही.

कायदा काय म्हणतो हेही मी नंतर पाहिलं. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ५०८, आता भारतीय न्याय संहितेत ३५४, हे दैवी कोपाची भीती घालण्याबद्दल आहे. पण त्यात अट आहे : कायद्यानं बांधील नसलेली गोष्ट करायला लावण्यासाठी, किंवा करायचा हक्क असलेली गोष्ट टाळायला लावण्यासाठी ती भीती घातलेली हवी. ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणं हे तर आमचं कर्तव्यच होतं. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणं कायद्याच्या नजरेतही बाईंचा तळतळाट गुन्हा नव्हता. ज्याच्याकडं वकील नाही, वशिला नाही, त्याचं ते शेवटचं शापवचन होतं. दगडावर कोरायची ऐपत नव्हती म्हणून वहीच्या पानावर लिहिलेलं.

एक अडचण इतिहासकाराची. कन्नड पोलिसी कागदात “अवाच्य शब्दांनी निंदा केली” असं येतं, मराठीत “शिवीगाळ करून धमकी दिली”. नेमकं काय बोलला ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. शेरा उरतो, शब्द जातो. मग शिवी होती की रड होती, हे पन्नास वर्षांनी कसं ठरवणार? मी लिहिलेला शेराही असाच. बाईंचा मूळ अर्ज मी जपून ठेवायला हवा होता, ठेवला नाही. वरचा मजकूर आठवणीतला आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. बीदर-कलबुर्गी भागात कुणाच्या घरी जुन्या दरखास्ती, अर्जांच्या नकला, पंचायतीच्या तक्रारवह्या असतील तर टाकून देऊ नका, आणि नक्कल करताना त्यातली भाषा ‘सभ्य’ करू नका. मराठी, कन्नड, उर्दू, जशी आहे तशी उतरवा. नावं झाका, शब्द झाकू नका. आणि जे आज खिडकीच्या आत बसतात त्यांच्यासाठी एका जुन्या माणसाचा सल्ला : शेरा मारण्याआधी त्या गावच्या कुणाला तरी विचारा, की बाबा, हे तुमच्याकडं शिवी म्हणून म्हणतात का?