वटवाघूळ, हत्ती आणि सुरई : मुंबईतील चिनी वस्तूंचे वाचन

वस्तुसंग्रहालयातील परदेशी वस्तू प्रेक्षकापुढे येते ती बहुधा अबोल होऊन. तिचा काळ, तिचे द्रव्य आणि दात्याचे नाव एवढे फलकावर मावते. ती ज्या भाषेच्या सहवासात घडली ती भाषा मात्र मागे राहते. चिनी कलेच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण चिनी अलंकरणाचा फार मोठा भाग दृष्टीइतकाच श्रवणावर आधारलेला आहे. या दृष्टीने मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे अभ्यासास सोयीचे स्थळ होय.

या संग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांच्या, म्हणजे पुढे पंचम जॉर्ज झालेल्या राजपुत्राच्या, हस्ते बसविण्यात आली. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या इमारतीचा पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून उपयोग झाला, आणि जानेवारी १९२२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. १९९८ पर्यंत ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ हेच तिचे नाव होते. सर रतन टाटा (१८७१–१९१८) आणि सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) या बंधूंचे कलासंग्रह त्यांच्या निधनानंतर येथे आले. येथील चिनी मातीची भांडी, जेडच्या वस्तू आणि तपकिरीच्या कुप्या यांचा पाया मुख्यतः याच देणगीने घातला गेला.

चिंग राजवंशाच्या काळातील (१६४४–१९१२) भांड्यांवर, रेशमावर आणि जेडवर वटवाघळाची आकृती वारंवार आढळते. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला तिचे नवल वाटावे हे स्वाभाविक आहे. कारण वटवाघूळ घरात शिरणे येथे अपशकुनाचे समजतात. चिनी भाषेत वटवाघळाचा वाचक शब्द ‘फू’ असा उच्चारला जातो, आणि ‘सौभाग्य’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही ‘फू’ असाच होतो. लिपीत दोहोंची चिन्हे भिन्न आहेत. कानाला मात्र भेद जाणवत नाही. पाच वटवाघळे एकत्र काढली की दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शांत मरण ही परंपरागत पाच सौभाग्ये सूचित होतात. उलटे लटकलेले वटवाघूळ हेही निरर्थक नव्हे. ‘उलटे’ आणि ‘येऊन पोहोचणे’ या अर्थांचे चिनी शब्द समोच्चारी असल्याने त्यातून ‘सौभाग्य दारी आले’ असा आशय निघतो. संस्कृत साहित्यशास्त्रात ज्याला श्लेष म्हणतात, त्याचेच हे चित्ररूप होय. येथील प्राणी स्वभावगुणांमुळे नव्हे, तर नावाच्या उच्चारामुळे शुभ ठरला आहे.

याहून उद्बोधक उदाहरण पाठीवर सुरई घेतलेल्या हत्तीचे आहे. भारतीय प्रेक्षकास तेथे गजलक्ष्मी आठवते. कलश आणि हत्ती हे दोन्ही त्याच्या परिचयाचे मंगलविषय आहेत. परंतु चिनी भाषेत सुरईला ‘पिंग’ म्हणतात, आणि ‘शांतता’ या अर्थीही तोच उच्चार आहे. ‘श्यांग’ या एकाच चिन्हाने हत्तीचाही बोध होतो आणि ‘लक्षण’ या अर्थाचाही. म्हणून सुरई वाहणारा हत्ती म्हणजे ‘महाशांततेचे लक्षण’. हिंदीतील ‘शिक्षा’ किंवा ‘चेष्टा’ हे शब्द मराठी वाचकास ओळखीचे वाटूनही चकवतात. त्याच प्रकारे येथे आकृती ओळखीची, परंतु अर्थ निराळा आहे. अनोळखी वटवाघूळ निदान प्रश्न तरी उपस्थित करते. ओळखीचा हत्ती प्रश्नच पडू देत नाही, म्हणून तो अधिक फसवा म्हटला पाहिजे.

जेथे प्रत्यक्ष लिपी आहे तेथे तरी अर्थ निःसंदिग्ध असेल, ही अपेक्षाही पुरी होत नाही. पुष्कळ चिनी भांड्यांच्या तळाशी चार अथवा सहा अक्षरांत राजवंश आणि बादशहाच्या कारकिर्दीचे नाव लिहिलेले असते. तथापि खांग-शी बादशहाच्या काळात (१६६२–१७२२) घडविलेल्या अनेक भांड्यांवर त्यापूर्वी दोन शतके होऊन गेलेल्या छंग-ह्वा कारकिर्दीचा (१४६५–१४८७) निर्देश आढळतो. १६७७ साली चिंगदेचेन या कुंभारकामाच्या केंद्रातील अधिकाऱ्याने चालू बादशहाचे नाव भांड्यांवर घालण्यास बंदी केली होती. भांडे फुटल्यास नावाची विटंबना होईल, असे तिचे कारण सांगतात. शिवाय जुन्या कारागिरीविषयीचा आदरही अशा लेखनामागे असे. म्हणून प्रत्येक जुना निर्देश हा लबाडीचाच पुरावा समजणे योग्य नव्हे. मात्र त्यावरून कालनिर्णय करणेही धोक्याचे आहे.

चिनी आकृती मुंबईकरांच्या घरांत शिरल्या त्या संग्रहालय निघण्याच्या कितीतरी आधी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पारशी व्यापारी कँटनला जात, आणि तेथे भरतकाम करविलेली रेशमी ‘गारा’ वस्त्रे कुटुंबीयांसाठी आणीत. या वस्त्रांवरील आकृत्यांना पारशी स्त्रियांनी घरगुती गुजराती नावे दिली. करकोच्यांची जोडी ‘मरघा-मरघी’ म्हणजे कोंबडा-कोंबडी झाली, ठिपक्यांना ‘कांदा-पापेटा’ म्हणजे कांदा-बटाटा म्हटले गेले, तर फुलाची एक आकृती ‘करोळिया’ म्हणजे कोळी या नावाने रूढ झाली. चीनमध्ये करकोचा हे दीर्घायुष्याचे प्रतीक. कँटनमध्ये त्याला असलेला हा अर्थ मुंबईस पोहोचला नाही. आकृती तेवढी पोहोचली, आणि नव्या भाषेने तिला आपल्या स्वयंपाकघरातील व अंगणातील नाव दिले. यास अज्ञान म्हणून हिणवणे अनैतिहासिक होईल. शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना जे घडते, तेच येथे आकृतीच्या बाबतीत घडले आहे.

या देवघेवीची दुसरी बाजू मात्र अशी निरुपद्रवी नाही. चीनकडे जाणाऱ्या मुंबईच्या मालात कापसाबरोबर माळव्याची अफूही होती. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन त्स-श्यू यांनी अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. त्यातून उद्भवलेले युद्ध १८४२ च्या नानकिंग तहाने संपले आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले. चीनच्या व्यापारात कापूस व अफू यांवर संपत्ती मिळविणारे जमशेटजी जिजीभाई त्याच वर्षी ‘सर’ झाले. त्यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये जी कलाशाळा निघाली, ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईतील कलाशिक्षणाच्या आरंभाशी चीनच्या व्यापाराचा संबंध याप्रमाणे थेट आहे. दानाचे मोल त्यामुळे नाहीसे होत नाही. परंतु त्या दानाची किंमत काही अंशी चिनी घरांनी मोजली होती, ही गोष्ट इतिहासकारास वगळता येत नाही.

तात्पर्य, चिनी दालनात प्रवेश करणाऱ्या अभ्यासकाने आकृतीचे सौंदर्य पाहून थांबणे पुरेसे नाही. आकृतीचे नाव मूळ भाषेत कसे उच्चारले जाते, तळावरील अक्षरे कोणत्या काळाचा दावा करतात, आणि ती वस्तू व तिची अभिरुची कोणत्या व्यापाराच्या वाटेने या शहरात आली, हे प्रश्न त्याने प्रत्येक वस्तूस विचारावयास हवेत. भारतीय विद्यापीठांत चिनी भाषेचे अध्ययन बहुतांशी साहित्य आणि राजकारण यांच्या अंगाने होते. त्यास संग्रहालयातील वस्तूंच्या वाचनाची जोड मिळाल्यास कलेचा अभ्यास आणि मुंबईच्या व्यापाराचा अभ्यास या दोहोंचाही लाभ होईल. सुरई वाहणारा हत्ती शांततेची ग्वाही देतो. ज्या शतकात मुंबईचा चीनशी सर्वाधिक संबंध आला, त्या शतकात ती शांतता चीनच्या वाट्यास फारशी आली नाही. ही विसंगती ध्यानात ठेवून ते दालन पाहिले पाहिजे.