बाहेरचे पुढारी आणि साचेखाते

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास लिहिताना ‘बाहेरचा पुढारी’ हा शब्दप्रयोग टाळता येत नाही. ज्याने गिरणीत कधी काम केले नाही, परंतु जो गिरणी कामगारांच्या वतीने मालकांशी, सरकारशी आणि न्यायालयाशी बोलतो, तो बाहेरचा पुढारी. मालकांनी हा शब्द शिवीसारखा वापरला. उलट १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने त्याला रीतसर जागा दिली, कारण नोंदलेल्या संघटनेचे निदान निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या धंद्यातले असावेत अशी अट घालताना उरलेले निम्मे बाहेरचे असण्यास कायद्याची हरकत नव्हती. अशा पुढाऱ्याची गरजही खरीच होती. गिरणीत माणसे भरणे, त्यांच्याकडून काम करून घेणे आणि नको त्याला काढून टाकणे हे सारे जॉबरच्या, म्हणजे खात्यावरील मुकादमाच्या, हाती असल्यामुळे तोंड उघडणाऱ्या कामगाराला दुसऱ्या दिवशी दरवाजाबाहेर उभे राहावे लागे, आणि इंग्रजीतील अर्ज, नोटिसा व चौकशी समित्यांपुढील निवेदने लिहू शकेल असा माणूस चाळीत सहसा सापडत नसे.

तरीही गिरणी कामगारांच्या चळवळीचा आरंभ बाहेरच्यांनी केला नव्हता. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही काळ मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केली होती, आणि १८८० पासून ते मुंबईत ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे पाठवला. त्यातील मागण्या पाहण्यासारख्या आहेत: आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई. यांत एकही तत्त्व नाही. जे आहे ते पाठीला, पोटाला आणि वाण्याच्या उधारीला ठाऊक असलेले आहे. रविवारची सुटी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली.

याच काळात सुशिक्षितांची राष्ट्रीय वृत्तपत्रे, त्यांत ‘केसरी’ही, फॅक्टरी कायद्याच्या विरोधात लिहीत होती. कामाचे तास कमी करण्याचा हा कळवळा लँकेशायरच्या कापडवाल्यांचा असून देशी गिरण्या बुडवणे हा त्यांचा डाव आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो निव्वळ खोटा नव्हता, कारण लँकेशायरचा हितसंबंध उघडच होता. परंतु देशी भांडवलाचे रक्षण करताना देशी मजुराचा दिवस किती तासांचा असावा, हा प्रश्न या लेखकांच्या विचारात जवळजवळ आलाच नाही. पुढे जुलै १९०८ मध्ये ‘केसरी’च्या टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच गिरण्यांतील कामगार वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवून रस्त्यावर उतरले आणि त्यांतील काही गोळीबारात मेले. या देवघेवीत तोल कोणत्या बाजूला होता, हे सांगण्याची गरज नाही.

१९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, वाचनालये आणि दवाखाने काढून कामगारवस्तीत चिकाटीने काम केले. त्यानंतरची पिढी मात्र वेगळ्या घडणीची होती. श्रीपाद अमृत डांगे, आर. एस. निंबकर आणि के. एन. जोगळेकर हे तरुण महाविद्यालयातून, असहकाराच्या चळवळीतून आणि मुख्यतः पुस्तकांतून कामगारापर्यंत आले. डांगे यांच्या ‘सोशलिस्ट’ या साप्ताहिकाला आणि अभ्यासाला पैसा व ग्रंथ पुरवणारे रणछोडदास लोटवाला हे पिठाच्या गिरणीचे मालक होते, ही त्या काळाची एक गंमत म्हणून नोंदवण्यास हरकत नाही. या तरुणांचा त्याग मात्र गमतीचा नव्हता. २६ एप्रिल १९२८ पासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले, आणि त्या वर्षअखेरीस गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांपलीकडे गेली. युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते आणि सरचिटणीस डांगे; म्हणजे खुर्ची कामगाराची आणि लेखणी सुशिक्षिताची, अशी विभागणी झाली. पुढच्याच वर्षी मीरत येथील कम्युनिस्ट कटाच्या खटल्यात दोघेही आरोपी झाले.

संपाचे तातडीचे कारण कामाच्या नव्या रचनेत होते: सूतकताईत एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात आणि विणकराने दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, चालवावेत, अशी मालकांची योजना होती. याच साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, आणि मजुरी तेथेच अधिक होती. धोट्यातील कांडीचे सूत संपले की विणकर नवी कांडी बसवी, धोट्याच्या बारीक छिद्राला ओठ लावून श्वासासरशी सुताचे टोक बाहेर ओढी आणि धोटा पुन्हा साच्यात टाकी. एकाच्या ओठांचा धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागणार, म्हणून सवर्ण विणकरांना आपल्या ओळीत अस्पृश्य नको होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या बंदीविरुद्धची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यावी, नाहीतर अस्पृश्य कामगार संपातून वेगळे होतील, असे बजावले, तेव्हा पुढाऱ्यांनी ती काहीशा अनिच्छेनेच स्वीकारली. मालकांपुढे हा मुद्दा गेल्यावर त्यांनी हा दोष आपला नाही, असे उत्तर दिले.

ते उत्तर सोयीचे होते, पण चुकीचे नव्हते. बंदी राखणारे विणकर हे संपाचा कणा होते, आणि ती मोडण्याचा हट्ट धरला असता तर पुढाऱ्यांच्या पाठीमागची फळी फुटली असती. तेव्हा केवळ अज्ञान हे त्यांच्या अनिच्छेचे कारण म्हणता येत नाही. ‘कामगार’ हा एकच वर्ग असून जात आर्थिक क्रांतीबरोबर आपोआप गळून पडेल, या पुस्तकी सिद्धांतामुळे ती अडचण बाजूला ठेवणे त्यांना मनापासून योग्य वाटले. शिक्षणाचे अंतर हे येथे पुरेसे स्पष्टीकरण ठरत नाही, कारण आंबेडकरांचे शिक्षण कोलंबिया आणि लंडन येथे झाले होते, म्हणजे ते या सर्वांपेक्षा अधिक शिकलेले होते. परंतु संप चालू असताना त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत होते, आणि धोट्याची गोष्ट त्यांना कोणत्याही ग्रंथातून कळण्याची आवश्यकता नव्हती.

१९२९ च्या दुसऱ्या सार्वत्रिक संपाला आंबेडकरांनी उघड विरोध केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. त्या विधेयकाने संपाचा हक्कच आखडला जात होता, त्यामुळे एकजूट सोपी झाली. साचेखात्याचा प्रश्न त्या दिवसाच्या विषयपत्रिकेवर नव्हता, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरही तेथे साच्यासमोर उभा असलेला अस्पृश्य विणकर विरळाच होता.