टाकीपासून एंजिनापर्यंत

मोटारीचें एंजिन कसें निघालें, हें शाळेंतल्या मुलांनाही थोडेंबहुत ठाऊक असतें. परंतु टाकींतलें पेट्रोल त्या एंजिनापर्यंत पोंचविण्याची सोय कशी होत गेली, हें पुसणारा क्वचितच भेटतो. जेवणाची वाहवा सर्व करतात. पाणक्याची आठवण मात्र तो आला नाहीं म्हणजेच होते. आज मला मोटारीच्या या पाणक्याची, म्हणजे इंधनपंपाची, हकीकत सांगावयाची आहे.

मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हें. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि सारें आयुष्य मुलांना इतिहास शिकविण्यांत गेलें. या विषयाकडे मी वळलों तो स्वतःच्या एका चुकीमुळें. ती शेवटीं सांगेन, आधीं इतिहास.

१८८८ च्या ऑगस्टांत जर्मनींतील मानहाइम येथून बर्था बेंझ ही बाई, पति कार्ल बेंझ यांनीं बनविलेली तीनचाकी मोटार त्यांना न सांगतां घेऊन, दोन मुलांसह फोर्त्सहाइम येथें माहेरीं निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या किंचित् वर. वाटेंत एका औषधाच्या दुकानांतून तिला इंधन विकत घ्यावें लागलें. आणि इंधनाची नळी चोंदली तेव्हां ती तिनें टोपीला लावण्याच्या लांब टाचणीनें मोकळी केली. मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासांत इंधनाच्या वाटेवर दोष उद्भवला, आणि तो एका गृहिणीनें हुडकून दूर केला. दोष डोळ्यांना दिसत होता आणि हात तेथवर पोंचत होता, म्हणून टाचणी पुरली.

त्यापुढें कित्येक वर्षें बहुतेक गाड्यांत पंप नव्हताच. टाकी उंचावर आणि एंजिन खालीं. पाणी जसें उताराकडे धांवतें तसें पेट्रोल आपोआप वाहत येई. १९०८ सालीं निघालेली फोर्डची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ याच पद्धतीची. तिची टाकी पुढच्या बैठकीखालीं असे. टाकी थोडी रिकामी झाली आणि समोर उभा चढ आला, कीं गाडीचें नाक वर, टाकी खालीं, आणि पेट्रोल एंजिनाकडे जाईना. मग चालक काय करी? गाडी वळवून उलट्या गतीनें टेंकडी चढे! पाहणाऱ्यांस हंसूं येई. पण त्या चालकाला आपल्या गाडीचें मर्म ठाऊक होतें.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दुसरी युक्ति आली. एंजिन हवा आंत घेतें तेव्हां जी ओढ उत्पन्न होते, तिच्या जोरावर मागच्या टाकींतलें पेट्रोल पुढच्या एका लहान टाकींत खेंचून घ्यावयाचें, व तेथून तें खालीं सोडावयाचें. सोय चांगली, परंतु लांब चढावर चालकानें एंजिनाला पूर्ण मोकळीक दिली कीं ही ओढच मंदावते. म्हणजे पेट्रोलची निकड सर्वांत अधिक, त्याच वेळीं पुरवठा कमी!

यावर उतारा म्हणून १९३० च्या आगेमागें यांत्रिक पंप सर्वत्र रूढ होऊं लागला. एंजिनाच्या फिरत्या दांड्यावरील उंचवटा एक तरफ हलवी, तरफेनें एक लवचिक पडदा खालीं ओढला जाई व पेट्रोल आंत येई; मग स्प्रिंग पडद्याला वर लोटी व पेट्रोल पुढें जाई. या पंपाची परीक्षाही सोपी. पुढची नळी सोडून एंजिन फिरवावें. चिळकांडी उडाली तर पंप जिवंत, न उडाली तर नळी तरी चोंदलेली किंवा पडदा तरी फाटलेला. १९४८ सालीं आलेल्या ‘मॉरिस मायनर’सारख्या ब्रिटिश गाड्यांत याऐवजीं विजेचा पंप असे, त्याची टिकटिक थांबली कीं नाहीं, हें कानालाच कळे.

तथापि या सर्व पंपांत एक उणीव होती. ते एंजिनाच्या उष्णतेजवळ बसून दूरच्या टाकींतलें पेट्रोल ओढीत. आतां, दाब कमी झाला म्हणजे द्रव लवकर उकळतो; महाबळेश्वरीं पाणी १०० अंशांच्या आधींच उकळतें तें याच कारणानें. ओढलेल्या पेट्रोलवरचा दाब कमी, त्यांत वरून ऊष्मा. मग नळींतच वाफ होई आणि पंप नुसती वाफ घुसळीत राही. १९७० नंतरच्या दशकांत फियाट किंवा अ‍ॅम्बॅसडर गाडींतून ज्यांनीं वैशाखांत बोरघाट ओलांडला आहे, त्यांना रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या गाड्या, उघडीं झांकणें आणि पंपावर पिळलेलीं ओलीं फडकीं आठवत असतील. तें फडकें म्हणजे अडाणी तोडगा नव्हे. शुद्ध पदार्थविज्ञान होय.

खरा उपाय एकच होता: ओढणें सोडून ढकलणें. त्यासाठीं पंप टाकींतच बुडविला पाहिजे. अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीच्या १९७१ च्या ‘व्हेगा’ गाडींत असा पंप होता. त्याला खरी गति मिळाली ती इंजेक्शनच्या पद्धतीमुळें. १९६७ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीची विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल फवारण्याची पद्धत फोक्सवॅगनच्या गाड्यांत आली. कार्ब्युरेटरला वातावरणाच्या दाबाच्या पाव हिश्श्याइतका दाब पुरे. फवाऱ्याला मात्र वातावरणाच्या दाबाच्या दोनतीन पट दाब हवा. तो विजेच्या पंपावांचून मिळेना. आपल्याकडे १९९८ च्या ‘सँट्रो’सारख्या गाड्यांतून ही पद्धत घरोघर आली, आणि २००० सालापासून धुराचे नियम कडक झाल्यावर मोटारींतून कार्ब्युरेटर हळूहळू नाहींसा झाला.

पेट्रोलांत विजेची मोटर बुडवावयाची, हें ऐकून कोणाच्याही छातींत धस्स होईल. परंतु पेट्रोलची वाफ हवेशीं विशिष्ट प्रमाणांत मिसळली तरच पेटते; शेंकडा सुमारें दीड ते साडेसात एवढेंच तें प्रमाण. बंद टाकींत वाफ याहून पुष्कळ अधिक असल्यामुळें ती पेटत नाहीं. शिवाय पेट्रोल मोटरच्या आंतून वाहत जाऊन तिला थंड ठेवतें. म्हणून जे लोक गाडी सदैव टाकीच्या तळाशीं येईपर्यंत चालवितात, ते पंपाचें आयुष्य कमी करतात.

आतां माझी चूक. २०१६ च्या एप्रिलांत मेहुण्यांना सातारच्या रुग्णालयांत नेल्याचा निरोप आला. आम्ही उभयतां पुण्याहून निघालों. खंबाटकीच्या चढावर गाडी आचके देऊं लागली आणि बंद पडली. भर उन्हांत तीन तास गेले. सौभाग्यवती एक शब्द बोलली नाहीं. तें मौन मला अजून आठवतें. सुदैवानें मेहुणे त्या दुखण्यांतून उठले. पुढें एका कारखान्यांत गाडी नेली. तेथें कांहींएक न तपासतां “पंप गेला” असें सांगण्यांत आलें. मीं साडेसात हजार रुपये मोजले व जुना पंप पिशवींत घालून घरीं आणला. तीन आठवड्यांनीं गाडी पुन्हां तशीच थांबली.

तेव्हां आमच्या आळींतल्या एका वृद्ध मेकॅनिकाकडे गेलों. हकीकत ऐकून तो म्हणाला, “गुरुजी, पोरगं नापास झालं तर तुम्ही आधी त्याचा पेपर बघता, का आधी त्याला शाळेतून काढता?” मागची बैठक उचलून त्यानें पंप चालू असतांना तेथें पोंचणारी वीज मोजली. बारा व्होल्टांच्या जागीं नऊच येत होते. पत्र्याला जोडलेली परतीची तार गंजली होती. त्यानें ती घांसून घट्ट केली. काम दहा मिनिटांचें. पुढें माझा जुना पंप त्यानें त्याच जातीच्या दुसऱ्या गाडींत बसवून दाबमापकावर पाहिला. दाब पूर्ण होता. निरपराध्याला मीं शिक्षा दिली होती.

त्याच्याजवळ बसून मीं जो क्रम शिकलों तो असा. किल्ली फिरवितांच मागच्या बैठकीखालून दोन सेकंद गुणगुण ऐकूं येते कीं नाहीं, हें प्रथम ऐकावें. न आल्यास फ्यूज, मग रिले, मग पंपाच्या जोडापाशीं वीज व परतीची तार पाहावी. वीज पुरेशी असून पंप हलत नसेल, तरच तो दोषी. गुणगुण येते पण गाडी दम धरीत नाहीं, अशा वेळीं दाबमापक लावावें. पुष्कळ गाड्यांत तीन ते चार बार, म्हणजे वातावरणाच्या तीनचार पट, दाब असावा लागतो. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत पाहावा. दाब कमी भरला तर तळाची जाळी, गाळणी व दाबनियामक यांची झडती आधीं घ्यावी.

आणि पंप खरोखरच बदलावयाचा ठरला तर काम उघड्या हवेंत व जाणत्या हातांनींच व्हावें. आधीं नळींतला दाब उतरवावा, बॅटरीची ऋण तार सोडावी, झांकणाभोंवतींची धूळ पुसावी. कडें लांकडानें किंवा पितळेनें ठोकून फिरवावें, म्हणजे ठिणगी उडत नाहीं. रबराची कडी नवी घालावी, आणि पेट्रोलची पातळी दाखविणाऱ्या तरंगत्या गोळ्याची दांडी वांकूं देऊं नये.

श्रोतेहो, बर्था बेंझची नळी डोळ्यांसमोर होती. आमच्या तरुणपणीं पंप झांकणाखालीं आला. आज तो बैठकीखालीं, टाकीच्या पोटांत आहे. प्रत्येक सुधारणेनें एक अडचण दूर केली, आणि यंत्र आपल्या नजरेपासून आणखी दूर नेलें. जें दिसत नाहीं त्याविषयीं कोणींही सांगितलेलें आपण खरें मानतों. पुराव्यावांचून निकाल देऊं नका, असें मीं तीसहून अधिक वर्षें वर्गांत सांगत आलों. तो धडा मला स्वतःला एका गंजलेल्या तारेनें शिकविला. तो जुना पंप आजही माझ्या टेबलावर आहे. कोणाविषयीं घाईनें मत बनवूं लागलों, कीं माझी नजर त्याच्याकडे जाते.