बीजगणिताचा उंबरठा : संज्ञा व वस्तुस्थिती

अमेरिकेतील महाविद्यालयांत बीजगणितपूर्व गणिताचे वर्ग ही अलीकडची गोष्ट नव्हे. हार्वर्डने १८२० मध्ये प्रवेशासाठी बीजगणित आवश्यक ठरविले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अध्यापनाचा आरंभ १८४९ मध्ये पूर्वतयारीच्या वर्गानेच झाला. 'पूर्वतयारी' या संज्ञेत विद्यार्थ्यास दूषण नव्हते. विसाव्या शतकात रूढ झालेल्या 'उपचारात्मक' या संज्ञेने मात्र त्यास रोगी ठरविले. १९७० मध्ये न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने प्रवेश सर्वांस खुला केला. त्याच दशकात 'विकासात्मक' हा सौम्य शब्द प्रचारात आला.

संज्ञा पालटली, रचना बहुधा तीच राहिली. अंकगणित, प्रारंभिक बीजगणित, मध्यम बीजगणित अशा पायऱ्या चढावयाच्या, शुल्क भरावयाचे, आणि पदवीच्या हिशेबात त्यांची गणना नाही. प्रत्येक पायरीवर शंभरांपैकी ७० उत्तीर्ण होतात असे धरले, तरी तिसरीअखेर ३४ च उरतात. गळतीचे एक कारण या साखळीतच होते.

कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्याने सामुदायिक महाविद्यालयांत ही साखळी तोडण्यास आरंभ केला : विद्यार्थी थेट पदवीपातळीच्या वर्गात बसू लागला व साहाय्य बरोबरीने मिळू लागले. या वेळी केवळ नाव बदलले नाही. विद्यार्थ्याची जागा बदलली. शिक्षणविषयक परिभाषेचा इतिहास लिहिताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.