दुकानाविना खरेदी

सभासदांनी एकत्र येऊन स्वस्तात माल घेण्याची पद्धत 1844 साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे रुजली. तिथे माल बाजारभावानेच विकत आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत देत. भारतात 1904 च्या सहकार कायद्याने फक्त पतसंस्थांना मान्यता दिली होती. ग्राहक भांडारांचा मार्ग 1912 च्या कायद्याने मोकळा झाला. मुंबईत गिरणगावातल्या नायगावात 1948 साली ‘अपना बाजार’ सुरू झाला.

1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने दुकानच वगळले. शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात. घाऊक खरेदीचा माल एखाद्या सभासदाच्या घरी येतो आणि तिथे वाटला जातो. गाळ्याचे भाडे नाही, न खपलेला साठा नाही, जाहिरात नाही. बचत खरी होते ती इथेच. मात्र त्यामागे सभासदांचे, विशेषतः गृहिणींचे, बिनपगारी श्रम असतात, आणि हिशेबात ते धरले पाहिजेत.

सवलतीच्या मोठ्या दुकानांचे गणित निराळे. किलोमागे भाव कमी असला तरी यादीबाहेरची खरेदी वाढली, तर महिन्याचा एकूण खर्च घटत नाही.