तोफेचा नेम : खेळांतला आणि रणांगणावरचा

जपानमधील बोशिन यादवी युद्ध १८६८-६९ सालीं झालें. त्यावर आधारलेला ‘फॉल ऑफ द सामुराई’ हा संगणकावरील युद्धखेळ २०१२ सालीं निघाला. अशा खेळांत खेळाडू बहुधा सेनापतीप्रमाणें दुरून आज्ञा देतो. या खेळांत मात्र त्याला गोलंदाजाची जागा घेऊन स्वतः नेम धरतां येतो आणि तोफ डागतां येते.

खऱ्या गोलंदाजाचें काम कसें होतें? ४ जुलै १८६८ रोजीं येदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, उएनोची लढाई झाली. कानएइजी मंदिराच्या आवारांत शोगुनपक्षाचे शोगिताई सैनिक ठाण मांडून बसले होते. सागा संस्थानच्या आर्मस्ट्राँग तोफांनीं होंगोच्या टेकाडावरून, शिनोबाझु तळ्याच्या पलीकडून, त्यांच्यावर मारा केला. या तोफा मागील बाजूनें भरीत. नळींत आटे पाडलेले असल्यानें गोळा स्वतःभोंवतीं फिरत जाई आणि दूरवर नेमका पडे. परंतु प्रत्येक बारासरशी तोफ मागें हटे. ती पुन्हां जागेवर ढकलावी, स्क्रू फिरवून नळीचा चढ साधावा, दर्शकांतून नेम धरावा. आणि हें सारें धुरांत, शत्रूच्या माऱ्याखालीं.

खेळांत हा सारा खटाटोप एका बोटाच्या दाबांत उरकतो. त्या दिवशींच्या आगींत मात्र मंदिराच्या प्रमुख इमारती जळाल्या आणि आसपासचीं शेंकडों घरें भस्मसात् झालीं. खेळाडूला केवळ लक्ष्य दिसतें. होंगोच्या गोलंदाजासमोर त्या लक्ष्याभोंवतीं नांदतें शहर होतें. खेळांत नेम साधणाऱ्या मुलांना इतिहास शिकवितांना त्या शहराची गोष्टहि अवश्य सांगावी.